टाळूवरच्या पिवळ्या खपल्या

भाचीचं बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि त्याच्या टाळूवर पिवळसर, चिकट खपल्या धरू लागल्या. मग त्या भुवयांत आणि कानांमागेही दिसू लागल्या. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या प्रत्येकीचं निदान वेगळं. कुणी म्हणालं, खवडे झालेत. कुणी म्हणालं, डोकं नीट धुतलं जात नाही. हे दुसरं बोलणं भाचीला फार लागलं. रात्रंदिवस बाळाचं करणाऱ्या आईवर अस्वच्छतेचा ठपका ठेवलेला मला आजही सहन होत नाही.

बाळ मात्र मजेत होतं. पोटभर दूध पीत होतं, शांत झोपत होतं, डोकं कुठे घासत नव्हतं.

बालरोगतज्ज्ञांनी नेमकं हेच आधी विचारलं. मग मानेच्या वळ्या, काखा, जांघा बघितल्या आणि नाव सांगितलं : इन्फंटाइल सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजेच क्रेडल कॅप. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा त्रास बऱ्याच बाळांना होतो आणि बहुतेकांचा वर्षाच्या आत आपोआप जातो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. पोटात असताना आईकडून मिळालेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी काही काळ जास्त तेल पाझरतात, असं मानलं जातं. त्या तेलावर मॅलासेझिया नावाची बुरशी पोसते. ती आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असते.

खरा प्रश्न घरात होता. मालीशवाल्या काकू रोज टाळू भरत आणि तेल तसंच मुरू देत. शिवाय टाळूला हात लावायची सगळ्यांना धास्ती, त्यामुळे तिथे साबण जेमतेमच पोचायचा. खपल्यांचा थर सर्वांत जाड तिथेच होता. टाळूखाली घट्ट पडदा असतो, हलक्या हातानं धुतल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरांनी भाचीला स्वतः करून दाखवलं.

काकूंना दुखवायचं नव्हतं. भाचीनं त्यांनाच मदतीला घेतलं. अंघोळीच्या जरा आधी खपल्यांवर थोडं तेल लावायचं, त्या मऊ झाल्या की बाळाच्या मऊ ब्रशनं हळूच सैल करायच्या आणि सौम्य बेबी शाम्पूनं सगळं तेल धुऊन काढायचं. नखानं एकही खपली उचकटायची नाही. त्यानं त्वचा सोलवटते आणि जंतू शिरतात. हळद, डाळीचं पीठ, वेखंड डोक्यापासून लांब. काकूंनी हे मनापासून केलं, आणि त्यांच्या हाताइतका हलका हात घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू वापरावा, असंही घरात निघालं होतं. त्यातल्या काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं. तान्ह्या बाळाच्या त्वचेतून ते शरीरात शोषलं जाऊ शकतं, म्हणून तो टाळायचा. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर कधी किटोकोनॅझोल, कधी थोडेच दिवस सौम्य स्टिरॉइड मलम देतात. ते दुकानातून आपल्या मनानं आणायचं नाही.

डोक्यावरची प्रत्येक खपली क्रेडल कॅपचीच असते असंही नाही. सतत खाज, गालांवर कोरडे लाल चट्टे आणि घरात दमा किंवा ॲलर्जी असेल, तर एक्झिमाची शंका घेतात. केस तुटून चकंदळं पडली, तर गजकर्ण असू शकतं आणि त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं. खपल्यांतून पाणी किंवा पू येणं, घाण वास, लाली अंगभर पसरणं, जुलाब होऊन वजन न वाढणं, खपल्यांमध्ये जांभळट ठिपके दिसणं, यांतलं काहीही असलं तर लगेच दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर सकाळची वाटही बघायची नाही.

भाचीच्या बाळाच्या भुवया आधी स्वच्छ झाल्या. डोक्यावर मधूनमधून पातळ थर पुन्हा धरायचा, पुन्हा शाम्पू व्हायचा. सासूबाईंनी जावळ लवकर काढायचं सुचवलं. त्रास त्वचेचा आहे, केस काढून तो जात नाही, उलट खपल्यांवर वस्तरा लागून जखम व्हायची, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकलं आणि डोकं स्वच्छ झाल्यावरच न्हाव्याला बोलवायचं ठरवलं.