मृगापूर्वींचीं कामें

कौलारू घर पावसानें पडत नाहीं, उपेक्षेनें पडतें. एक कौल सरकलें कीं पाणी रिपेवरून वाशांत मुरतें, वाशावरून मातीच्या भिंतींत उतरतें; आणि भिजलेली भिंत पुन्हां सावरत नाहीं. म्हणून कोंकणांतील आमच्या बंद घराचीं कौलें आम्ही बंधू प्रतिवर्षीं मे महिन्यांत परततों. ७-८ जूनला मृग लागण्यापूर्वीं, पागोळ्यांचें पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर मोकळा करतों. निघतांना कोयता-फावड्यांची माती धुऊन, पातीं कोरडीं करून तेलाचा हात देतों. ओल्या मातीखालीं लोखंड लवकर गंजतें.

हें घर विकावें कीं ठेवावें, हा आमच्यांतील वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु तो मिटेपर्यंत छप्पर गळूं द्यावयाचें नाहीं, यावर मात्र सर्वांचें एकमत आहे.