माईक बंद पडल्यावर काय करायचं?

३० जानेवारी १९३३ ला हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. दोनच दिवसांनी बर्लिनच्या रेडिओवर एक तरुण धर्मशिक्षक नेतृत्वावर बोलत होता. अनुयायी आपल्याला देव करून बसलेत आणि नेता ते खुशाल चालू देतोय, तर तो लोकांना भलत्या वाटेला नेतोय, असा त्याचा मुद्दा. भाषण संपायच्या आत प्रक्षेपण बंद पडलं. गड्याने मग अख्खं भाषण छापून लोकांना वाटलं.

वय २६. नाव डिट्रिख बॉनहॉफर.

हिटलरच्या विरोधात उभा राहून फासावर गेलेला पाद्री म्हणून तो अनेकांना माहीत आहे. मला मात्र त्याच्या मास्तरकीचं जास्त अप्रूप वाटतं. १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला आश्रमात येण्याचं निमंत्रण दिलं होतं. पण त्याच सुमारास नाझींपुढे मान तुकवायला तयार नसलेल्या कन्फेसिंग चर्चने पाळक घडवणारी एक सेमिनरी त्याच्या हाती सोपवली. भारतात येणं राहिलंच. १९३५ साली श्टेटिनजवळ फिंकनवाल्ड गावात सेमिनरीचं बस्तान बसलं. सामानसुमानसुद्धा मागून आणलेलं. प्रवचन कसं करावं, हे तिथे तो स्वतः शिकवायचा.

त्याचा एक नियम मला फार आवडतो. वर्गात वाचून दाखवलेल्या प्रवचनावर चर्चा, टीका सगळं चालेल. पण उपासनेत केलेल्या प्रवचनाची चिरफाड करायची नाही. बोलणारा अडखळला तरी नम्रपणे ऐकून घ्यायचं.

पत्रकार म्हणून मला वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. गुणपत्रिकेत आवाज, हावभाव, पाठांतर, वेळ असे रकाने असतात. बोलणाऱ्याला स्वतःला ते पटलंय का, याला रकाना नाही. दहावीची पोरं भ्रष्टाचारावर टाळ्या घेतात, आणि बक्षीस द्यायला कोण उभं असतं ते आपण सगळे जाणतोच. असो.

१९३६ मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवण्याची त्याची परवानगी गेली. १९३७ मध्ये हिमलरने असं प्रशिक्षणच बेकायदा ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये गेस्टापोने सेमिनरीला टाळं ठोकलं. मास्तर थांबला नाही. पोरांना कागदोपत्री खेड्यापाड्यांतल्या पाळकांचे मदतनीस दाखवून १९४० पर्यंत शिकवणं चालू ठेवलं. मधेच १९३९ ला न्यूयॉर्कला गेला. तिथे तो सुरक्षित राहिला असता. पण महिनाभरात परतला. हा काळ आपल्या लोकांबरोबर काढला नाही, तर नंतरच्या उभारणीत हात घालायचा मला हक्क नाही, असं त्याचं म्हणणं. १९४० ला भाषणबंदी, १९४३ ला अटक. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसनबुर्गच्या छळछावणीत फाशी. वय ३९.

नोकरीच्या हिशेबात बघितलं तर फिंकनवाल्ड जेमतेम अडीच वर्षांचं. मूठभर पोरं, मागून आणलेल्या खुर्च्या. अख्खं सैन्य हाताशी असलेल्या सरकारला तेवढीही शाळा खुपली. कारण तिथून निघालेला प्रत्येक जण दर रविवारी एका गावासमोर उभा राहून, सरकारने लिहून न दिलेलं बोलणार होता.

आपल्या तालुक्यातही आता भाषणकलेचे क्लास निघालेत. पोरांना जरूर घाला. फक्त फी विचारताना एवढंही विचारा, की माईक बंद केला तर पुढे काय करायचं, ते शिकवता का?