चान्या, पण प्रिटोरियात

आपल्याकडे आषाढात धुतलेला टॉवेल वाळत नाही. इथे दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, नेमके तेच दिवस वाळवणाचे. पाऊस इथे ऑक्टोबर ते मार्च. जून-जुलैत दिवसा लख्ख ऊन, रात्री बोचरी थंडी, हवेत ओल नावाला नाही आणि माश्याही फारशा नाहीत. आमच्या गल्लीत मग पापड-कुरडया नव्हे, तर बिल्टॉंग टांगलं जातं. म्हणजे वाळवलेलं मांस.

मला ते शिकवलं शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं. आफ्रिकान्स बोलणारे वडीलधाऱ्याला 'ऊम' म्हणतात, आपल्या काकासारखं. मीही त्याला ऊमच म्हणतो. ऊमच्या मते दुकानातलं बिल्टॉंग आणणं म्हणजे घरात गहू असताना पोळ्या विकत आणणं.

मांस मांडीच्या मागच्या भागाचं, ज्याला इथला खाटीक सिल्व्हरसाइड म्हणतो. कापायचं ते धाग्याच्या दिशेनं, बोटभर जाड लांब पट्ट्यांत. खाताना मात्र धाग्याला आडवं कापायचं, नाहीतर चघळत बसा. पट्ट्यांना आधी व्हिनेगर चोळायचं. मग किलोला वीस-पंचवीस ग्रॅम मीठ, मिरी आणि भाजून जाडसर कुटलेले धने. ऊम धने खलबत्त्यात कुटायला लागला की त्याच्या गॅरेजला आमच्या घरच्या काळ्या मसाल्याच्या दिवसांचा वास येतो. रात्रभर मुरवलं की दुसऱ्या दिवशी आकड्यांना टांगायचं, एक पट्टी दुसरीला चिकटू न देता.

थंडी नसेल तेव्हा खोकं लागतं. लाकडी किंवा प्लास्टिकचं, वर-खाली भोकं पाडलेलं, तळाशी साठ वॅटचा जुन्या धाटणीचा बल्ब. नव्याला सगळ्यांनाच वाटतं, बल्बनं मांस शिजत असेल. तसं नाही. बल्बनं हवा कोमट होऊन वर जाते आणि खालच्या भोकांतून कोरडी हवा आत ओढली जाते. वाळवते ती हवा. ऊब जास्त झाली तर पट्टी वरून कडक होते, आतलं पाणी आतच अडकतं आणि मांस आंबतं. एलईडी आले तसे हे बल्ब दुर्मीळ झाले, म्हणून बरेच जण आता जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवतात. 2023 साली इथे तासन्‌तास वीज जायची, तेव्हा खोकेवाल्यांची तारांबळ उडाली. लोडशेडिंग हा शब्द इथेही तोच आहे. मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं काय कौतुक!

वजन निम्म्यावर आलं की बिल्टॉंग तयार. थोडं आधी काढलं तर मधे लालसर, ओलं राहतं. दुकानात विचारतातच, ओलं की सुकं, चरबीचं की बिनचरबीचं. रग्बीचा सामना बघताना ते लागतंच. दात येणाऱ्या बाळाच्या हातात चघळायला कांडी देतात. विमानतळावर भेटवस्तू म्हणून पाकिटं मिळतात. 1830 च्या दशकात बैलगाड्यांतून उत्तरेकडे निघालेल्या बोअर लोकांची ही शिदोरी, हे ऊम अभिमानानं सांगतो. डच 1652 मध्ये केपला उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून खोईखोई लोक मांस वाळवत होते, ही आठवण मला करून द्यावी लागते.

त्या लालकाळ्या पट्ट्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. लातूरकडे आमच्या आजीच्या दारात मोठ्याच्या, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या, मांसाच्या अशाच पट्ट्या दोरीवर उन्हात वाळायच्या. वाळल्या की तुकडे करून गाडग्यात. त्या चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की भाजून खायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत मला त्या कधी दिसल्या नाहीत. दिसल्या त्या शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये.

महाडला 1927 साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या घरानं ते ऐकलं. पुढे वडिलांनी चान्याच सोडल्या, मग मांस खाटकाकडून आणलेलं का असेना. ज्या दोरीवरून गाव तुमचं घर ओळखतं, ती दोरी काढून टाकावीशी वाटणारच. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आणि 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही कायद्यानं बंदी आहे.

प्रिटोरियाची ही गल्लीही काही स्वर्गातून पडलेली नाही. कातडीच्या रंगावरून वस्त्या वाटून देणारा कायदा इथे 1991 पर्यंत होता. त्याआधी मला इथे घर घेता आलं नसतं. पण मांस टांगलं म्हणून कुणाची पायरी ठरली नाही. तीच सुरी, तीच दोरी, तेच ऊन. फरक टांगणाऱ्याच्या पत्त्यात आहे. वाळवलेल्या मांसाला कसली आलीय जात, ती बघणाऱ्याच्या नाकात असते.

एकदा आत्याला व्हिडिओ कॉलवर खोकं दाखवलं. ती म्हणाली, "आत दिवा कशाला लावलास? देव्हारा हाय का त्यो?" मग आवाज बारीक करून, "मोठ्याचंच हाय ना?" हो म्हटल्यावर तिनं फर्मान सोडलं : नुसतं काय चावतोस, निखाऱ्यावर भाज, पाट्यावर ठेच आणि लसणाच्या चटणीसंगं खा.

पाटा नव्हता, खलबत्ता होता. एक पट्टी मी बिनधन्याची, नुसत्या मिठाची वाळवली आणि रविवारी ऊमच्या अंगणातल्या निखाऱ्यांवर भाजून ठेचली. भाकरीऐवजी इथला 'पाप', म्हणजे मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, घेतला. ऊमनं दोनदा वाढून घेतलं. पण यात धने का नाहीत, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यानं मला आत्यालाच फोन लावायला लावला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी भांडण चांगलं पंधरा मिनिटं चाललं.