पीळ सुटल्यावर

नवजात मुलीचं अंडाशय दुर्बिणीला शोधावं लागत नाही. त्या वयाचं ओटीपोट उथळ, त्यामुळे अंडाशयावरची सिस्ट सरळ पोटात वर आलेली असते. सिस्टसकट अंडाशयाला पडलेला पीळ सोडवणंही फारसं अवघड नाही. अडतं ते त्यानंतर. ५ मिनिटं गेली, १० गेली, तरी अंडाशय काळंनिळंच, आणि हात आपसूक काढण्याकडे वळतो. माझं म्हणणं असं, की रंग हा खोटारडा साक्षीदार आहे. मोठ्या मुलींमध्ये अशी काळी अंडाशयं पीळ सोडवून जागेवर ठेवली, तेव्हा पुढच्या सोनोग्राफीत त्यांतल्या बहुतेकांत फॉलिकल्स दिसली. काळेपणा बराचसा साचलेल्या रक्ताचा असतो; शिरा आधी दबतात, धमनी नंतर.

यावर वजनदार आक्षेप येतो: नवजात मुलीचा पीळ काही तासांचा नसतो, तो जन्माच्या कित्येक आठवडे आधी, गर्भातच पडलेला असू शकतो. खरं आहे. सोनोग्राफीत गाळ नि पडदे दिसणाऱ्या सिस्टमध्ये पुष्कळदा काही उरलेलं नसतं; देठ तुटून पोटात सुटी फिरणारी गाठ तर काढावीच, ती आतड्याला चिकटून अडथळा करू शकते. पण देठ शाबूत असेल तर? ताणलेल्या भिंतीत कुठेतरी पापुद्र्याएवढं अंडाशय असू शकतं, आणि जन्मतः दोन्हीकडे मिळून १० ते २० लाख बीजांडं असतात. पापुद्रासुद्धा कंगाल नसतो. कर्करोग या वयात अतिदुर्मीळ. पीळ सोडवला की रक्तात गुठळ्या सुटतात, ही जुनी भीतीही टिकलेली नाही. उरतो व्यवहार: आईवडील पुढच्या सोनोग्राफीला येत नाहीत. येत नाहीत, पण त्याची किंमत मुलीच्या अंडाशयानं का मोजावी? ठेवलेलं उद्याही काढता येतं.

तरी आम्ही काढतो, कारण काढलेलं दाखवता येतं. परिषदेतल्या चित्रफितीचा शेवट पिशवीतल्या नमुन्यावर होतो. पाणी शोषून, छत कापून, बाकी तसंच सोडलेल्या सिस्टला कोण टाळ्या वाजवणार? ३ मिलिमीटरच्या छिद्राचा गर्व मलाही आहे. त्याच गर्वापायी ४ सेंटिमीटरखालच्या, आईचे हार्मोन्स ओसरले की बहुधा आपोआप विरणाऱ्या साध्या सिस्टवरही दुर्बीण चालवावीशी वाटते. बेंबीतून सिस्ट बाहेर ओढून हाताळणाऱ्यांना आम्ही जुनाट म्हणतो. पापुद्रा कुठे जाड लागतो हे मात्र त्यांच्याच बोटांना कळतं. पॅथॉलॉजीचा अहवाल यायला काही दिवस लागतात. ऑपरेशन नोट त्याच दुपारी लिहून होते, आणि तीत ‘निर्जीव अंडाशय काढले’ हे शब्द असतात.