विटांचा चेहरा आणि विटांची भिंत

घर बांधायचं ठरलं आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते विटांवरून.

कड्यातलं आमचं जुनं घर दगड-मातीचं. भिंती दोन-सव्वादोन फूट रुंद, वर माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, पावसाळ्यात मात्र रात्री उठून टोपली-पातेली मांडायची. माझ्या पगारातून आणि भिशीतून जे साठलं होतं, त्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी, एवढंच बसत होतं.

दहावीतल्या माझ्या मुलाला लाल विटांचं घर हवं होतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "सोपं आहे मॅडम. खांब-बीम उभे करू, मध्ये ब्लॉक भरू आणि समोरून विटांच्या टाइल्स चिकटवू. खरी वीट नाही, हे कुणाला कळणारही नाही."

माझे अब्बा गवंडी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली. ते एवढंच म्हणाले, "चेहरा बाद में देख बेटा, पहले पकड देख."

खरं सांगायचं तर कॉन्ट्रॅक्टर फसवत नव्हता. खांब-बीमच्या घरात भार खांब उचलतात, भिंत फक्त आडोसा असते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कितीतरी घरं आतून लाकडी सांगाड्याची आणि बाहेरून एका विटेच्या थराची असतात. तो थर धातूच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधलेला असतो. आणि दूर कशाला जायचं? ताजमहाल आतून विटांचाच आहे, संगमरवर वरून चढवलेला. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात तर संगमरवर मोजक्या ठिकाणी, बाकी काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा. म्हणून वरून काही चढवणं म्हणजे खोटेपणा, असं मी वर्गात मुलांना कधीच सांगणार नाही.

पण अब्बांच्या 'पकड' या शब्दामागे किल्लारी होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली, तिकडे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. नंतर अब्बा तिकडे कामाला गेले. परत आल्यावर त्यांनी मला आमचीच भिंत दाखवली. बाहेरून नीट घडवलेल्या दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच. जमीन हलली की दोन थर एकमेकांना सोडतात, भिंत पोट फुगून कोसळते आणि माळवदाची माती अंगावर येते. आम्ही जिला भक्कम म्हणत होतो, ती खरं तर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती होत्या.

मग मी आष्टीच्या एका इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, तळमजलाच बांधायचा तर नऊ इंची भरीव विटांची भिंत पुरेल. पण जोत्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि स्लॅबखाली सगळ्या भिंतींना घेरणारा काँक्रीटचा पट्टा हवा आणि कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात. पुढे मजला चढवायचा झाला, तर आधी त्याला विचारायचं. हिशेब मांडला तेव्हा पट्टे आणि टाइल्स दोन्ही बसेनात. मी टाइल्स खोडल्या.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. भरीव विटेचा त्रासही कमी नव्हता. विटा भिजवायच्या, भिंतीवर रोज पाणी मारायचं आणि आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. दोनदा काम थांबलं. समोरच्या भिंतीला गिलावा करायचा नाही, एवढी मुलाची हौस मी ठेवली. मग गवंड्यानेही तिथे निवडक विटा लावल्या.

भिंत छातीपर्यंत आली त्या संध्याकाळी अब्बा काठी टेकत आले. नातवाला त्यांनी जवळ बोलावलं आणि त्याचं बोट धरून विटांवर फिरवलं. या थरात वीट लांबीने दिसते, वरच्या थरात फक्त तिचं तोंड दिसतं. "बाकीची वीट कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मुलगा भिंतीच्या पलीकडे गेला, वाकून पाहिलं आणि तिकडून ओरडला, "नाना, दुसरं तोंड इकडे आहे!"