ब्रेकची चौकशी आधी

मी इंजिन बदलून बांधलेली डॅटसन २४०-झेड विकायला काढली की निम्मी गिऱ्हाइकं बॉनेट उघडताच मागे वळतात. आत पाटीवर कोरलेल्या नंबरचं एल-२४ इंजिन नसतं. निस्सान स्कायलाईनचं आरबी-२५-डीईटी असतं. २४९८ सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, वर टर्बो. संग्राहकांना ही भेसळ वाटते, आणि त्यांचं मला पटतं. १९७० साली अमेरिकेत ३,५२६ डॉलरना मिळणारी ही गाडी पुन्हा अस्सल रूपात आणता यायलाच हवी. म्हणून मी चॅसी कापत नाही आणि एल-२४ गाडीसोबतच देतो. ते वेगळं विकलं तर पैसे जास्त येतील, पण मग गाडीला परतीची वाट उरणार नाही.

कंपनीच्या गाडीला मॅन्युअल असतं. हिची सगळी माहिती बांधणाऱ्याच्या डोक्यात, आणि ती कागदावर उतरवणं हीच विक्रीची खरी मेहनत. जुन्या कार्ब्युरेटरना तीन-चार पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरायचं. आरबीच्या इंजेक्टरना ४३च्या आसपास लागतं. म्हणजे पंप, नळ्या, टाकीकडे परतणारी लाइन, सारं नवं. एल-२४ला टायमिंग चेन होती, याला बेल्ट आहे. तो कधी बदलला हे पुढच्या मेकॅनिकला कळलंच पाहिजे, कारण तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. वायरिंगचा नकाशा मी रंगांसकट हाताने काढून देतो.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन मुळीच चालू करू नये. तापलेलं इंजिन पुष्कळ झाकतं. गार इंजिन कसं उठतं, निळा धूर येतो का, हे त्याने स्वतः बघावं, कॉम्प्रेशन गेजही त्यानेच लावावा. मग गाडी लिफ्टवर. झेडला गंज फार. बॅटरीखालचा पत्रा, फ्लोअर, जिथे जिथे वेल्डिंग केलं ते सगळं टॉर्च मारून दाखवतो.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना धुराची तपासणी माफ आहे, त्यामुळे इथे कागदांची अडचण कमी. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला तिथले नियम आधी बघायला सांगतो.

भावात मजुरी कधीच निघत नाही. ते मी बांधायला घेतानाच धरून चालतो. गाडी कुणाच्या हाती जाते याची मात्र काळजी वाटते. १५१ अश्वशक्तीसाठी आखलेली, जेमतेम हजार किलोंची ही गाडी. नव्या इंजिनाची ताकद अडीचशेच्या घरात. बूस्ट अजून किती वाढेल, एवढंच विचारणाऱ्याला मी थांबायला सांगतो. ब्रेक आणि डिफरेन्शियल कुठलं बसवलंय, हे आधी विचारणाऱ्यासाठी भाव उतरवतो.