आटोपशीर

२०२३ साली पाच दारांची जिम्नी भारतात आली, तेव्हा आम्ही ती मोठ्या हौसेने घेतली. लांबी चार मीटरच्या आत, चारही चाकांना इंजिनाचा जोर. आंबा घाट उतरल्यावर साखरप्याजवळच्या आमच्या घराची निसरडी चढण ती भर पावसातही लीलया चढे. आसने मात्र चारच. आम्ही दोघे आणि दोन मुले. "तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येतो," असे वडील दर वेळी म्हणत. आम्ही ती त्यांची आवड समजत आलो. एका गणपतीत ते कोल्हापूरपासून उभ्यानेच आले, हे आम्हांला शेजाऱ्यांकडून कळले.

जिम्नी देऊन आम्ही जुनी सुमो घेतली. सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. व्यवहारात तोटा झाला, हे मान्य. पण आपल्या आटोपशीरपणासाठी दुसऱ्या कुणाला तरी आटोपते घ्यावे लागते, हे इतकी वर्षे भाषा शिकवूनही आमच्या ध्यानी आले नव्हते.

पावसाळ्यात सुमोला ती चढण झेपत नाही. गाडी खालीच उभी करावी लागते. तेथून घरापर्यंत आम्ही पाचही जण वडिलांच्या चालीने चालत जातो.